सुपरहिरोवाला टेबलटॉप आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) घ्यायचाय, कुठला घेऊ?

रविवारचा_डाव
मंडळी, आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, रविवारी जेवणं उरकली की बसतो, आतापर्यंत फक्त डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आपापलं पात्र खेळायचा गेम) फिफ्थ एडिशन खेळलोय. कॅम्पेन (बरेच रविवार चाललेली गोष्ट) संपली आणि आता सगळ्यांना सुपरहिरो पाहिजेत. शोधायला बसलो तर म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स, मास्क्स, मार्व्हल मल्टिव्हर्स, सेंटिनल कॉमिक्स, चॅम्पियन्स अशी ढीगभर नावं आली आणि जो तो आपलाच गेम भारी म्हणतोय. पुस्तक एकच घेणार, पीडीएफचे पण डॉलरमधे पैसे जातात, त्यामुळे नीट विचारून घेतोय. आमच्यात एकाला आकडेमोड मनापासून आवडते, दोघींना कॅरेक्टरच्या घरच्या भानगडी, मैत्री, रुसवेफुगवे यात जास्त रस, आणि माझी भाची सोळा वर्षांची आहे, तिला पहिल्या पाच मिनिटांत हवेत उडायचंय. गेम मास्टर मीच, म्हणजे गोष्ट मी चालवणार. काय घेऊ?

फासेफेक
डी अँड डीवरून येताय तर म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स थर्ड एडिशन बघाच. ग्रीन रोनिनचा गेम आहे, २००२ पासून चालू, आणि फक्त डी२० (वीस बाजूंचा फासा) लागतो, बाकीचे फासे डब्यातच राहू द्या. नेहमीचा हिरो पॉवर लेव्हल (ताकदीची पातळी) १० चा, त्याला १५० पॉइंट मिळतात आणि त्यातून सगळं विकत घ्यायचं, उडणं, ताकद, भिंतीतून आरपार जाणं, काहीही. स्ट्रेंग्थ १० म्हणजे २५ टन, थोडक्यात प्रवाशांनी भरलेली बस उचलता येते, आणि पुढच्या प्रत्येक रँकला वजन दुप्पट होत जातं. हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचा आकडा) नाहीत हे मला सगळ्यात आवडतं. समजा व्हिलनचा डॅमेज १० आहे, तर त्यात १५ मिळवून तुम्हाला २५ गाठायचेत, तुमचा टफनेस (मार सोसायची ताकद) १०, फाशावर ८ पडले, म्हणजे झाले १८. सातने हुकलं म्हणून हिरो गरगरला, पुढच्या राउंडला हातात एकच अ‍ॅक्शन, आणि इथून पुढचा प्रत्येक टफनेस रोल एकने कमी. कॉमिकमधे मार खाल्ल्यावर जसं होतं तसंच वाटतं ते, ६३ मधून १४ वजा करत बसायची भानगड नाही. नियमांचा बराचसा भाग ऑनलाइन फुकट वाचायला मिळतो, आधी तो चाळा मग पैसे घाला. एक सांगून ठेवतो, एक मुख्य पॉवर घेतली की तिच्या जोडीला पर्यायी पॉवर एकेका पॉइंटला मिळते, तुमचा आकडेमोडवाला हे हेरणारच आणि एकाच हिरोकडे डझनभर पॉवर येतील, तेव्हा गेम मास्टर म्हणून आधीच मर्यादा घालून द्या. भाचीला पुस्तकातला तयार आर्किटाइप (आधीच बनवलेला हिरो) द्या, पॉइंट मोजायला बसवू नका.

रातराणी
वरचं सगळं बरोबर आहे पण प्रश्न परत वाचा ना, पाचातल्या दोघींना रुसवेफुगवे पाहिजेत आणि एक सोळा वर्षांची आहे, हा तर मास्क्सचा ग्रुप झाला! मॅगपाय गेम्सचा, २०१६ चा, टीनएजर सुपरहिरोंचा गेम. दोन साधे सहा बाजूंचे फासे, सापशिडीच्या डब्यातले चालतात. यात ताकद किती हे मोजतच नाहीत, तू स्वतःला काय समजतेस ते मोजतात. डेंजर, फ्रीक, सेव्हियर, सुपीरियर, मंडेन असे पाच लेबल्स, आणि मोठ्या माणसांचा तुमच्यावर सुरुवातीपासूनच इन्फ्लुअन्स असतो. म्हणजे एखादा सीनियर हिरो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, बाळा हे तुझ्या आवाक्यातलं नाही, तू घरी जा, की तुमचं डेंजर एकने उतरतं आणि मंडेन एकने चढतं. पटत नसेल तर फासे टाकून त्याचं म्हणणं झिडकारायचं, आणि तिथेच सीन पेटतो, सोळा वर्षांच्या मुलीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जखमा पण मनाच्या, त्यांना कंडिशन्स म्हणतात, अफ्रेड, अँग्री, गिल्टी, होपलेस, इनसिक्युअर. पॉवर प्लेबुकमधे (प्रत्येक प्रकारच्या हिरोचा तयार कागद) टिक करून घ्यायच्या, त्यामुळे उडणं पाच मिनिटांत होतं हे नक्की.

तळटीप
दोन्हीच्या मधलं पाहिजे असेल तर सेंटिनल कॉमिक्स. पॉवर, क्वालिटी (कौशल्य किंवा स्वभाव) आणि स्टेटस (सध्याची अवस्था) असे तीन फासे एकदम टाकायचे आणि मधला आकडा धरायचा. सीन जसा हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल होत जातो, म्हणजे धोका वाढत जातो, तशा मोठ्या पॉवर खुल्या होतात, त्यामुळे शेवटची हाणामारी आपोआप रंगते, हे गणित फार सुंदर बसवलंय. डी अँड डीचे डी४ ते डी१२ आहेतच तुमच्याकडे. मार्व्हल मल्टिव्हर्स (२०२३) तेव्हा घ्या जेव्हा ओळखीचेच हिरो खेळायचेत, त्यांच्या तयार शीट (हिरोची माहिती आणि आकडे लिहिलेले कागद) भरपूर आहेत, फक्त प्रत्येक फटक्याला गुणाकार करावा लागतो. चॅम्पियन्स १९८१ पासूनचा जुनाजाणता गेम आहे आणि मला त्याच्याबद्दल फार आदर आहे, पण पाचातल्या एकालाच गणित आवडत असेल तर नको.

रविवारचा_डाव
सगळ्यांचे मनापासून आभार, मास्क्सकडे कल झालाय, भाचीला लेबल्सचं वाचून दाखवलं तर ती लगेच आपलं कॅरेक्टर सांगायला लागली. पण आकडेमोडवाल्या मित्राचं काय करू? आणि व्हिलनला हिट पॉइंट नसतील तर तो हरला हे कळणार कसं?

रातराणी
व्हिलनला पण त्याच पाचातल्या कंडिशन्स असतात, मोठ्याला पाचही, किरकोळ असेल तर एखादीच. त्या भरल्या आणि वर एक फटका बसला की तो संपला. पण महत्त्वाचं हे की व्हिलनने कंडिशन मार्क केली की तो तिथल्या तिथे पलटवार करतो, अँग्री झाला तर पूल पाडेल, अफ्रेड झाला तर ओलीस धरेल, त्यामुळे तुम्हाला पुढे काय करायचं ते आयतं मिळतं. मित्राला डूम्ड द्या. त्या प्लेबुकमधे डूम ट्रॅक असतो, तो भरत गेला की नव्या पॉवर मिळतात आणि मरण जवळ येतं, हिशोब ठेवणाऱ्या माणसाला तो चांगला गुंतवून ठेवतो.

फासेफेक
मास्क्स घ्या मग, माझी हरकत नाही. फक्त एक, यात मार खाल्ल्यावर फासे टाकताना मोठा आकडा वाईट असतो, दहा किंवा वर गेलात तर जास्त लागतं. डी अँड डीची सवय असलेले सगळे तिथे आनंदाने ओरडतात, तेव्हा पहिल्या रविवारी खेळायच्या आधीच सांगून टाका.