शब्दचर्चा : टेहळणी, पाळत की निरीक्षण?

विचारणा

नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या राष्ट्रीय छात्र सेनेच्या तुकडीसाठी एका दिवसाच्या मैदानी सरावाची माहितीपत्रिका मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. स्वतः कोणाच्या दृष्टीस न पडता समोरचा टापू न्याहाळायचा आणि जे दिसले ते वहीत टिपून कळवायचे, असा सराव आहे. मूळ हिंदी टिपणातील ‘छिपकर निगरानी’साठी मी ‘छुपी पाळत’ असे लिहिले, ते एका निवृत्त सुभेदारांना पटले नाही. शिवाय ‘मायावरण’ (कॅमोफ्लाज, म्हणजे आसपासच्या परिसरात मिसळून न दिसणे) हा शब्द विद्यार्थ्यांना कळेल का, अशीही शंका आहे. छात्र सेनेसारख्या संघटनांना मी पत्रिकेत ‘स्वयंसेवी दल’ म्हटले आहे. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर

सुभेदारांचा आक्षेप मला योग्य वाटतो. पाळत ही नेहमी कोणावर तरी असते. ज्याच्यावर ती ठेवायची तो माणूस, ते घर किंवा तो अड्डा आधीपासून ठाऊक असतो. म्हणून पोलीस संशयितावर पाळत ठेवतात, चोर बंद घरावर पाळत ठेवतात, आणि ‘पाळतीवर असणे’ म्हटले की त्याला संशयाचा, क्वचित दुष्ट हेतूचाही वास येतो. टेहळणीचे तसे नाही. समोरून कोण येणार, मुळात कोणी येणार की नाही, हे टेहळ्याला माहीत नसते. तो टापूवर नजर ठेवून असतो. टेहळणी बुरूज, टेहळणी पथक, टेहळणी विमान या रूढ शब्दांतही हीच छटा आहे. निरीक्षण ही त्यापुढची पायरी, म्हणजे जे समोर आहे ते बारकाईने पाहून त्याची नोंद घेणे. नांदूरमध्यमेश्वरच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीने पाणपक्षी पाहणाऱ्याला आपण पक्षिनिरीक्षक म्हणतो, टेहळ्या म्हणत नाही. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षणात गोळा कोठे पडला हे पाहून मारा दुरुस्त करायला शिकवतात, तेही निरीक्षणच, कारण तेथे लक्ष्य आधीच ठरलेले असते.

अडचण एवढीच की टेहळणीत लपणे गृहीत नाही. बुरुजावरचा टेहळ्या चांगला उंचावर, उघड्यावर उभा असतो. त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर ‘मेटघर किल्ला’ नावाचे गाव आहे. मेट म्हणजे गडाच्या वाटेवरची पहाऱ्याची चौकी, आणि तेथला पहारेकरी वाटसरूला दिसावा, हाही त्याला तेथे बसवण्यामागचा एक हेतू असे. उलट ‘दबा धरणे’ यात लपणे पुरेपूर आहे, पण त्याच्या पोटात झडपही आहे. निफाड-सिन्नरकडच्या उसात बिबट्या दबा धरून बसतो, तो काही टिपणे काढायला नव्हे. पत्रिकेत ‘दबा धरून टेहळणी’ असे छापले, तर शेवटी कोणावर तरी तुटून पडायचे आहे, असा विद्यार्थ्यांचा समज होईल. माझ्या मते ‘आडून टेहळणी’ हे सरळ आणि पुरेसे आहे.

‘आड’ हा शब्द पुढेही उपयोगी पडेल. सैनिकी शिक्षणात नजरेपासूनचा आडोसा आणि गोळीपासूनचा आडोसा यांत काटेकोर भेद करतात. कारवीच्या झुडपामागे माणूस दिसत नाही, पण गोळी झुडपातून आरपार जाते. काळ्या कातळाचा मोठा धोंडा दोन्ही कामे करतो. पहिल्यासाठी ‘दृष्टीआड’ भाषेत आहेच. त्याच धर्तीवर ‘गोळीआड’ असा शब्द केला तर तो कोणालाही समजावून सांगावा लागणार नाही. आधीपासून तयार करून ठेवलेल्या बसण्याच्या जागेला जंगलात फिरणारे ‘लपण’ म्हणतात, तो शब्द जसाच्या तसा घ्यावा.

मायावरण एकदा मथळ्यात वापरावे आणि मजकुरात ‘बेमालूम मिसळणे’ म्हणावे. काय मिसळायचे हे मात्र नीट सांगितले पाहिजे : आकार, सावली, चमक, पृष्ठभागाचा पोत, आभाळापुढे उमटणारी बाह्याकृती आणि या सर्वांहून घातक ती हालचाल. आपल्याकडे पावसाळ्यात हिरवे असलेले डोंगर फेब्रुवारीपर्यंत पिवळे पडतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये बेमालूम वाटणारा गणवेश तेव्हा लांबूनही उठून दिसतो. डोंगराच्या सोंडेवरून डोके वर काढले की खांद्यांची रेघ आभाळावर लगेच उमटते. म्हणून धोंड्याच्या वरून न पाहता बाजूने पाहावे.

पाहण्याच्या क्रियेसाठी ‘न्याहाळणे’ हाच शब्द ठेवावा. आधी जवळचा पट्टा, मग मधला, मग दूरचा, आणि प्रत्येक पट्टा उजवीकडून डावीकडे न्याहाळावा, अशी शिकवण आहे. वाचनामुळे आपल्या डोळ्यांना डावीकडून उजवीकडे घसरत जाण्याची सवय असते. उलट दिशेने नजर अडखळते, आणि येथे ते अडखळणेच हवे असते.

आणखी एक मत

‘स्वयंसेवी दल’ हा शब्दप्रयोग फार कोरडा वाटतो. पत्रिकेत ‘शिबंदी’ हा जुना शब्द का वापरू नये? तसेच ‘हेरणे’ या क्रियापदाचा कोणीच विचार केलेला दिसत नाही.

त्यावर

शिबंदी पगारी असे, त्यामुळे स्वेच्छेने आलेल्यांना ती लावता येणार नाही. शिवाय रूढ नावे आहेतच : 1946 मध्ये मुंबईत सुरू झालेले होमगार्ड म्हणजे गृहरक्षक दल, 1948 च्या कायद्याने आलेली राष्ट्रीय छात्र सेना आणि 1949 पासूनची प्रादेशिक सेना. ती बदलण्याचे कारण दिसत नाही.

‘हेरणे’ची सूचना मात्र उत्तम आहे. हेर या नामातली गुप्तता या क्रियापदातून बरीचशी गळून गेली आहे, आणि गर्दीतून नेमके टिपणे एवढाच अर्थ उरला आहे. टापू न्याहाळावा आणि त्यातली वेगळी वस्तू हेरावी, अशी वाक्यरचना सहज बसते. वहीत नोंद करताना ‘दिसले’ आणि ‘असावे’ या क्रियापदांची गल्लत होऊ देऊ नये, ही सूचनाही पत्रिकेत ठळक अक्षरांत हवी. ‘ओढ्याकाठच्या बाभळीखाली दोन माणसे दिसली, एकाच्या हातात लांब काठीसारखी वस्तू होती’ ही नोंद झाली. ‘दोन शस्त्रधारी होते’ हा तर्क झाला, आणि तो लिहायचाच असेल तर वेगळ्या ओळीत ‘असावेत’ लावून लिहावा.