मदत हवी आहे (अर्जंट): 'बुचर्स', 'मंकी', 'डॉग' म्हणजे नक्की काय?

वैतागलेला_वऱ्हाडी: उत्तर आजच हवंय. गॅरेजवाल्याचा मेसेज आलाय. त्यात बुचर्स, ब्राउन ब्रेड, मंकी, डॉग. मला माकड म्हणतोय का हा? डिक्शनरी बघा म्हणून सांगू नका, बघून झाली.

खवय्या_७: ब्राउन ब्रेड म्हणजे कोंड्यासकटच्या कणकेचा पाव. पण बाजारात बऱ्याचदा मैद्याला नुसता रंग दिलेला असतो. पाकिटावरचे घटक वाचून घ्या.

मीच_ती: कुठलं गॅरेज? कुठल्या देशात? अख्खा मेसेज टाका की. चार शब्दांवरून काय सांगणार, कप्पाळ?

वैतागलेला_वऱ्हाडी: लंडन, अजून कुठलं! रॉमफर्ड. घ्या: "हॅड अ बुचर्स ॲट युअर मोटर. क्लच इज ब्राउन ब्रेड. कॉल इट अ मंकी, कॅश. गिव्ह अस अ शाउट ऑन द डॉग." मोटर म्हणजे इंजिनपण गेलं का? आणि ओरडायचं कशाला?

ईस्टएंडकर: शिवी नाही, शांत व्हा. ही कॉकनी, म्हणजे लंडनच्या ईस्ट एंडच्या लोकांची, रायमिंग स्लँग. हव्या त्या शब्दाशी यमक जुळणारी जोडी घ्यायची आणि यमकाचाच शब्द गिळून टाकायचा. 'बुचर्स हुक' जुळतं 'लुक'शी. हुक गेला, बुचर्स राहिलं. 'डॉग अँड बोन' म्हणजे फोन, त्यातला डॉग उरला. 'ब्राउन ब्रेड' म्हणजे डेड, हे मात्र अख्खंच बोलतात. मोटर म्हणजे तिकडे सरळ गाडी. 'अस' म्हणजे इथे 'मला', आणि 'शाउट' म्हणजे नुसतं कळवणं. थोडक्यात: गाडी पाहिली, क्लच मेलाय, रोख ५०० पाउंड, फोन करा.

वैतागलेला_वऱ्हाडी: ५००?? आणि मंकीचं यमक ५०० शी कुठून जुळलं?

ईस्टएंडकर: ते यमक नाहीच. पैजा लावणाऱ्यांचा शब्द आहे. पोनी म्हणजे २५, मंकी म्हणजे ५००. मुंबईत पेटी म्हटली की लाख आणि खोका म्हटला की कोटी, त्यातलाच प्रकार.

जयतु_भारतम्: हा शब्द आपल्याकडूनच गेलाय! ब्रिटिश काळात ५०० च्या नोटेवर माकड होतं.

नाणेवेडा: कुठल्या साली? फोटो टाका. राजाचं डोकं असलेल्या नोटा माझ्या फाइलीत आहेत, माकडाची नोट कधी निघालीच नाही. व्हॉट्सॲपवरचं ज्ञान इथे नको.

जयतु_भारतम्: तुमच्या फाइलीत नाही म्हणजे जगात नाही का?

लंडन_रिटर्न: ही स्लँग आता फक्त पर्यटकांच्या मगांवर उरलीय. खरा कॉकनी म्हणजे चीपसाइडच्या सेंट मेरी-ल-बो चर्चच्या घंटा ऐकू येतात तिथे जन्मलेला. आमच्या बँकेत कुणाच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही.

मीच_ती: 'यूज युअर लोफ'सुद्धा ऐकलं नाहीत? लोफ ऑफ ब्रेड, हेड. चांगले टायवाले साहेब बोलतात, फक्त त्यांना कुळी ठाऊक नसते. आणि दर शुक्रवारी 'रूबी'ला चला म्हणतात ते? रूबी मरे ही १९५० च्या दशकातली बेलफास्टची गायिका. मरे आणि करी. बाई गाण्यांपेक्षा करीमुळेच जास्त लक्षात राहिल्या बिचाऱ्या.

कोड_बहाद्दर: रूबी शिकू नका आता. थेट पायथन घ्या, नोकऱ्या त्यात आहेत.

जुनं_ते_सोनं: यात नवल कसलं? आपल्या व्यापाऱ्यांची नंदभाषा होतीच की. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. केवली एक, अवारू दोन, उधानू तीन, मुळू पाच, अंगुळू दहा. इंग्रजांचीही तशीच, चोरांनी पोलिसांना चकवायला काढलेली.

ईस्टएंडकर: चोरांचं कुणी सिद्ध केलेलं नाही. १८५९ च्या आपल्या स्लँगकोशात जॉन कॅम्डन हॉटन हिला रस्त्यावर गाणी म्हणून चोपडी विकणाऱ्यांची गुप्त भाषा म्हणतो.

वैतागलेला_वऱ्हाडी: अहो, कोश राहू द्या! ५०० जास्त होतात का ते सांगा.

घाटातला_ड्रायव्हर: गाडी कुठली? किती चालली? नुसती प्लेट बदलणार की अख्खा सेट? यातलं काहीच सांगितलं नाहीत. माझं ऐका, उतारावर क्लचवर पाय ठेवून बसायची सवय सोडा.

मीच_ती: रोख म्हणतोय म्हणजे पावती देणार नाही. क्लच पुन्हा गेला तर कुणाला धरणार? वॉरंटी लेखी मागा. घासाघीस करायची तर करा, पण 'पोनी'त बसवा असं लिहू नका. २५ पाउंडांत तर नाहीच होणार, वर 'पोनी अँड ट्रॅप'चं यमक जुळतं घाणेरड्या शब्दाशी. कामच रद्दी म्हणताय असं वाटेल त्याला.

वैतागलेला_वऱ्हाडी: लिहिलं, ४५० आणि पावती पाहिजे म्हणून. उत्तर आलंय, एकच शब्द: "स्वीट". आता हे काय? पावती देतोय की नाही?