ट्रंक, जॅमर का बर्म्युडा? पोराला नेमकं काय घ्यायचं?

जुळे_सोलापूरकर:
पोराला पोहायच्या उन्हाळी क्लासला घातलंय. पहिल्याच दिवशी गेटवरून परत. का, तर कॉटनची बर्म्युडा घालून गेला. "कॉश्च्यूम आणा." नवी पेठेत गेलो तर दुकानदार विचारतो, "ट्रंक देऊ का जॅमर?" आमच्यात ट्रंक म्हणजे माळ्यावरची, आईच्या लुगड्यांची. आम्ही मळ्यातल्या विहिरीत शिकलो, पाठीला डबा बांधून, असेल त्या चड्डीवर. आणि कॉश्च्यूम बायकांचा असतो ना?

रोज_पोहणारा:
मालक, कॉश्च्यूम म्हणजे पोहायचा कुठलाही पोशाख. पण दुकानात नुसतं कॉश्च्यूम म्हटलं की बायकांचाच काढतात, त्यामुळं तुमचं अगदीच चुकलं नाही. ट्रंक म्हणजे आखूड, अंगाबरोबर बसणारी चड्डी. जॅमर गुडघ्याच्या वरपर्यंत चिकटून बसते. शर्यतीवाले ती घालतात. मोठ्या स्पर्धांत २०१० पासून पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली चालत नाही. शिकणाऱ्या पोराला ट्रंक पुरे.
बर्म्युडा फिरायला. कॉटन पाणी पितं, जड होतं, खिसे फुग्यासारखे फुगतात आणि सुटलेलं सूत फिल्टरमध्ये जाऊन बसतं. गेटवाल्याचा राग धरू नका. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचीच घ्या, आतून नाडी बघून. नुसत्या इलॅस्टिकची सूर मारला की पोराच्या आधी वर येते.

नकाशावेडा:
बर्म्युडा हे बेटांचं नाव, तसं बिकिनीही. अमेरिकेनं १ जुलै १९४६ ला बिकिनी बेटांवर अणुचाचणी केली आणि चारच दिवसांनी पॅरिसमध्ये लुई रेआरनं आपल्या दोन तुकड्यांच्या पोशाखाला तेच नाव दिलं.

पूर्वभागवाला:
चड्डीचं झालं, टॉवेलचं कोण विचारणार? सोलापुरात राहून पंचा देऊ नका पोराला. पंचा साध्या विणीचा, पटकन वाळतो, पण पाणी बेताचंच टिपतो. टर्किशला मागावर दोन बीम, म्हणजे उभं सूत गुंडाळलेले रूळ, एक ताणलेला, एक ढिला. ढिल्या सुताचे फासे उठतात, तेच पाणी ओढतात. नवा असेल तर आधी एकदा धुवा, नाहीतर पाणी नुसतं अंगावर पसरतं.

जुळे_सोलापूरकर:
ट्रंक घेतली, नाडीवाली. टॉवेल धुवून वाळत घातलाय. पोरानं आजीला सांगितलं, "उद्या ट्रंक घालून पोहणार." आई म्हणते, "आधी माझी लुगडी बाहेर काढ."