पश्चिमेची भिंत, कोटा फरशी आणि कडुनिंब: विदर्भात घर बांधताना पैसा कुठे घालावा?

वर्धेकर (धागाकर्ता)

वर्ध्याजवळ ३००० चौरस फुटांच्या प्लॉटवर घर बांधतोय. दर्शनी बाजू पश्चिमेला. स्लॅब टाकून झाला, प्लास्टर सुरू आहे. कंत्राटदाराने फिनिशिंगची यादी हातात दिली: आत चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, समोर गडद राखाडी टेक्श्चर पेंट, अंगणभर पेव्हर ब्लॉक, कंपाउंडला लागून फॉक्सटेल पाम, उरलेल्या जागेत लॉन.

मी यादी परत केली. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि ही यादी त्या महिन्याचा विचारच करत नाही. गडद भिंत ऊन पिते, पेव्हर ब्लॉक रात्री दहापर्यंत धग सोडतात, पामची सावली ताटाएवढी, आणि लॉनला पाणी लागतं नेमकं तेव्हा, जेव्हा विहिरीचा तळ दिसतो.

माझा बेत असा. आत कोटा फरशी, कारण पायाला थंड. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी. भिंती बाहेरून पांढऱ्या. समोर कडुनिंब, बाजूला बहावा, खाली मोगरा आणि अडुळसा. घरातले माझ्या विरोधात आहेत. तुम्ही सांगा.

अमरावतीची_सून

दादा, तुमच्या घरातल्यांच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे १४ वर्षं कोटा आहे. स्वयंपाकघरात लिंबू सांडलं की पांढरा डाग उरतो, तो पुसून जात नाही, घासूनच काढावा लागतो. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तर ॲसिडने फरशी खरखरीत झाली आहे. चुन्याच्या जातीचा दगड आहे तो, आंबट त्याला खातंच. वर दोन-चार वर्षांनी पॉलिशवाला आला की घरभर चिखल.

आणि कडुनिंब! मार्चमध्ये पानं, एप्रिलमध्ये फुलं, पावसाळा लागला की निंबोळ्या. अंगण रोज दोनदा झाडावं लागतं. झाडू कोणाच्या हातात असतो, तेही या चर्चेत यायला हवं. मॅट टाइल लावा, कुंड्यांत चार झाडं ठेवा. घर हे राबणाऱ्या माणसाच्या सोयीचं हवं.

साइटवरचा

सिव्हिलमध्ये २२ वर्षं काढली आहेत, म्हणून दोन गोष्टी स्पष्टच सांगतो.

पहिली: कोटा थंड आणि टाइल गरम, हा समज सोडा. दोन्ही घट्ट, जड. पायातली उष्णता दोन्ही सारख्याच झपाट्याने ओढतात. तळमजल्याची फरशी थंड लागते ती खालच्या जमिनीमुळे. घर तापतं वरून आणि पश्चिमेकडून. फरशीवर भांडण्यात वेळ घालवू नका. पण गच्चीबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा केला, पुढे गरीब वस्त्यांमधली छपरं पांढरी रंगवली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी धोरणच आणलं. उगाच नाही.

दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची: तुमची जमीन काळी कापसाची आहे ना? ती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. कडुनिंबासारखं मोठं झाड उन्हाळ्यात पायाजवळचं पाणी ओढतं आणि भिंतीला तिरपे तडे जातात. पाया अंडर-रीम्ड पाइलचा (खोलवर नेलेले, तळाशी रुंद केलेले खांब) आहे की साध्या, उथळ फुटिंगचा? साधा असेल तर १५ फुटांच्या अंगणात कडुनिंब लावू नका. झाडावर माझंही प्रेम आहे, पण तडे बुजवून थकलेली माणसं मी पाहिली आहेत.

बहाव्याखाली

साइटवरच्या काकांशी अर्धाच सहमत. तड्यांच्या भीतीने गावंच्या गावं झाडांशिवाय उभी राहिली, हे कोण मोजणार? वर्धेकर, कडुनिंब कोपऱ्यात, घरापासून जितका लांब जाईल तितका न्या, पण लावा. मात्र बहाव्याबद्दल तुमचा हिशेब चुकला. तो एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लदतो खरा, पण त्याच काळात पानं जवळजवळ नसतात. ऐन उन्हाळ्यात सावली शून्य. पळस, पांगारा हेही फुलतात तेव्हा पानांशिवायच असतात. मे महिन्यात हिरवीगार सावली हवी तर कडुनिंब आणि करंज. दोघांनाही तोवर नवी पालवी आलेली असते. बहावा डोळ्यांसाठी लावा, सावलीसाठी नाही.

नर्सरीवाला झटपट वाढणारं कोनोकार्पस गळ्यात मारेल. घेऊ नका. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

रत्नागिरीचा_जांभा

सगळ्या महाराष्ट्राला एकच सल्ला नको, एवढंच म्हणायला आलो. आमच्याकडे पांढऱ्या चिनी तुकड्यांवर पहिल्याच पावसाळ्यात शेवाळ धरतं. आम्ही स्लॅबवर पत्र्याची शेड टाकतो आणि मधून वारा खेळू देतो. तुमची हवा कोरडी, कूलर चालतो; इथे कूलर लावला तर कपडे दमट होतात.

अमरावतीची_सून

@बहाव्याखाली, करंजाचीही पानं पडतातच. माझा प्रश्न तिथेच आहे.

बहाव्याखाली

ताई, पडतात, आणि तो कचरा नाही. मोगऱ्याच्या आळ्यात पसरा, माती थंड राहते, पाणी निम्म्या वेळा द्यावं लागतं. पण झाडायचं काम एकटीच्या अंगावर पडू नये, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

वर्धेकर (धागाकर्ता)

काल संध्याकाळी सहाला पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला. उतरत्या उन्हानंतरही हात ठेववत नव्हता. पाया साध्या फुटिंगचा आहे, म्हणून काकांचं ऐकून कडुनिंब अंगणातून काढला. शेताच्या बांधावर लावीन. त्या जागी भिंतीपासून चार फुटांवर लोखंडी मांडव आणि त्यावर मधुमालती. वेलीची मुळं पायाला धक्का लावणार नाहीत असं गृहीत धरतोय. चुकत असेन तर सांगा. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरात मॅट टाइल, ताई, हे मान्य. बाकी खोल्यांत कोटाच, आता थंडाव्यासाठी नाही; एक फरशी फुटली तर २० वर्षांनीही तशीच मिळते म्हणून.

पेव्हर ब्लॉक फक्त गाडीपुरते. राखाडी रंगाला माझा विरोध कायम आहे. धाकटा भाऊ म्हणतो, पांढरं घर दवाखान्यासारखं दिसेल.

साइटवरचा

मांडव ठीक. फक्त वेलीला पाणी भिंतीकडच्या बाजूने देऊ नका, बाहेरच्या बाजूने ठिबक टाका. काळ्या मातीत एका बाजूला ओल आणि दुसरीकडे कोरडं, हेच नडतं. आणि भावाला पिवळसर चुन्याचा रंग दाखवा. पांढऱ्याइतका नाही, तरी राखाडीपेक्षा कितीतरी बरा.