‘पाच वर्षांत पंपावर माणूस लागणार नाही’ या पोस्टला उत्तर

पंपवाली_रामबाग:
काल गटात एका सॉफ्टवेअरवाल्या दादांनी लिहिलं, की हार्ट-लंग मशीन (ऑपरेशनमध्ये हृदय-फुफ्फुसाचं काम करणारा आमचा पंप) म्हणजे चार आकडे आणि दोन नॉब. एआय ते आकडे माणसापेक्षा चांगले वाचतं, म्हणून पाच वर्षांत परफ्युजनिस्ट, म्हणजे तो पंप चालवणारा माणूस, लागणार नाही. वाचून रात्री झोप लागली नाही. इंदूरमध्ये 19 वर्षं पंप चालवतेय, तेव्हा जरा सविस्तरच लिहिते.

मागच्या आठवड्यातली केस. खरगोनकडचे काका, बायपासचं ऑपरेशन, तीन ग्राफ्ट. मागच्या बाजूच्या नसेसाठी सर्जननी हृदय उचललं आणि रिझर्व्हॉयरची (शरीरातून आलेलं रक्त जमतं त्या भांड्याची) लेव्हल 900 मिलीवरून बघता बघता 350 वर आली. अलार्म सुरू. नुसते आकडे बघणारा काय करेल? व्हॉल्यूम, म्हणजे सलाइन, टाकेल. मी फ्लो उतरवला आणि सर्जनच्या डाव्या हाताकडे पाहिलं. शरीरातलं रक्त पंपाकडे आणणारी नळी, कॅन्युला, त्या हाताखाली मुडपली होती. “सर, रिटर्न नाही,” एवढंच म्हटलं. त्यांनी हात बोटभर सरकवला आणि लाइन भरून वाहू लागली. घाईत अर्धा लिटर सलाइन ढकललं असतं, तर रक्त उगाच पातळ झालं असतं आणि वरून रक्ताची पिशवी लागली असती ती वेगळीच. सर्जनचा हात कुठल्या आकड्यात दिसतो, ते दादांनी सांगावं.

नवा_गडी_विजयनगर:
ताई, तुमचा राग समजतो, पण उदाहरण तुम्ही तुमच्या सोयीचं घेतलंत. दुसरं घ्या. 45 किलोची बाई, हिमोग्लोबिन 10, प्राइम (पंपाच्या नळ्यांत आधी भरलेलं द्रव) 1200 मिली. पंपावर गेली की हिमोग्लोबिन 7 च्या आसपास. इंडेक्स फ्लो (शरीराच्या आकारमानानुसार मोजलेला फ्लो) 2.4, प्रेशर 65, सगळे निवांत. आता ऑक्सिजन डिलिव्हरी (डीओटू, म्हणजे फ्लो गुणिले रक्तातला ऑक्सिजन) मोजा. जेमतेम 240 भरते. 2018 च्या गिफ्ट नावाच्या चाचणीत ती 280 च्या वर ठेवायचं ठरवलं, त्या गटात किडनीला इजा कमी झाली. या बाईला 280 गाठायचं तर फ्लो 2.8 करावा लागेल. केस चालू असताना दर मिनिटाला हा गुणाकार कोण करतं? मी तरी करत नाही.

पंपवाली_रामबाग:
गुणाकाराला एआय कशाला हवं? ते तर शाळेतलं गणित झालं. आणि गिफ्टचं नाव घेताय तर पूर्ण सांगा. कमी झाली ती पहिल्या पायरीची इजा. त्यापुढच्या गंभीर इजेत फरक दिसला नव्हता. तरी डीओटूचा आकडा सतत समोर असावा, हे मला मान्य आहे. तेवढ्यापुरतं तुमचं खरं.

भूलवाला_पलासिया:
दोघांचंही मूळ मुद्द्याकडे लक्ष नाही. एआय शिकणार कशावरून? तुम्ही हाताने भरलेल्या पंपाच्या चार्टवरून. ते चार्ट मी 12 वर्षं वाचतोय. दर पाच मिनिटांनी 60, 62, 60, 64. दोन तासांच्या बायपासमध्ये प्रेशर असं सरळ रेषेत कधीच नसतं. महाधमनीवरचा क्लॅम्प (चिमटा) निघाल्यावर माझ्या मॉनिटरवर 38 दिसतं, तुमच्या कागदावर 55 असतं. असल्या कागदांवर शिकलेलं यंत्र तुमच्यासारखंच गोड गोड सांगेल.

महेश्वरकर:
डॉक्टर, जरा शब्द जपून. आम्ही खोटं लिहितो असं सरळच म्हणा ना. एका हाताने कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवणारं औषध) द्यायचा, दुसऱ्याने एसीटीचं (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या चाचणीचं) सॅम्पल काढायचं, मग चार्ट कुठल्या हाताने भरायचा? तुमचे भुलीचे कागद केस संपल्यावर चहा घेत भरलेले या डोळ्यांनी पाहिलेत मी.
रंगपंचमीचं सांगतो. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघालेली, राजवाड्याकडचे सगळे रस्ते बंद, माझा जोडीदार अर्ध्या वाटेत अडकलेला. अर्जंट केस मी एकट्याने काढली. 40 मिनिटं चार्ट कोरा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निरोप आला, रकाने भरून द्या, इन्शुरन्सवाले अडवतात. काय भरणार? आठवेल ते भरलं. पेशंट आठव्या दिवशी चालत घरी गेला. माझं काम तिथे बघा, कागदात नको.

भूलवाला_पलासिया:
भुलीच्या कागदांचं म्हणाल तर आम्हीही त्याच माळेचे मणी, नाकारत नाही. पण पेशंट चालत गेला म्हणून आठवणीतून भरलेला कागद खरा ठरत नाही.

महेश्वरकर:
मग दोन केसना एकच परफ्युजनिस्ट ठेवणाऱ्यांना जाऊन सांगा हे! आमच्यावर कशाला?

नवा_गडी_विजयनगर:
दादा, दर काही सेकंदांनी पंपातून आपोआप नोंद झाली असती, तर त्या दिवशी तुम्ही सुटला असता. मीही तेच म्हणतोय.

पंपवाली_रामबाग:
महेश्वरकर दादा, डॉक्टरांवर मीही चिडले होते. पण एक गोष्ट आजवर कुठे लिहिली नाही, ती आज लिहिते. माझं पहिलं वर्ष. प्रेशर 42 वर आलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. मी 42 लिहायला पेन टेकवलं, तर सीनियर म्हणाले, “60 टाक, उगाच प्रश्न येतात.” मी 60 टाकलं. तिसऱ्या दिवशी त्या आजींची लघवी थांबली, डायलिसिस लागलं. सगळे डॉक्टर माझा कागद घेऊन उभे, आणि त्यात कारण सापडेना. 42 मुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण तो आकडा त्यांच्यासमोर असायला हवा होता. माझ्या अक्षरातला तो 60 अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून सॉफ्टवेअरवाल्या दादांना माझं उत्तर तेच आहे. कॅन्युला मुडपली की नाही ते मी बघणार, पंपाच्या नळ्यांचा क्लॅम्प माझ्याच हातात राहणार. पण चार्ट यंत्राकडे जाऊ दे. आमच्या पंपाला मागे आकडे कॉम्प्युटरला पाठवायचा पोर्ट आहे. केबल चार वर्षं पिशवीत पडून आहे. सोमवारी बायोमेडिकलवाल्यांना घेऊन बसते.

महेश्वरकर:
जोडा केबल. उद्या 38 दिसला की डॉक्टर पहिलं बोट आपल्याकडेच दाखवतील, तेव्हा मला सांगा.

पंपवाली_रामबाग:
दाखवू देत. 38 च्या शेजारी कारण लिहायला रकाना हवा, एवढं मी आधीच मागून घेणार आहे. हात कोणाचा होता, ड्रग काय दिलं होतं, पंपावर किती जण होतो, सगळं त्यात येईल.

महेश्वरकर:
पंपावर किती जण होतो ते छापून येणार असेल, तर माझ्याही पंपाला जोडा.