मदत हवी आहे: भीमथडी शिंगरांचा थंडीतला खुराक

राम राम मंडळी. आम्ही माण तालुक्यातले, म्हसवडजवळ. घरी भीमथडी जातीच्या घोड्यांची दोन शिंगरं आहेत, आईचं दूध नुकतंच तोडलंय. दिवाळीनंतर इकडं पहाटेचा गारठा लई वाढतो. सकाळी शिंगरांचे केस ताठ उभे असतात आणि हौदातल्या गार पाण्याला ती तोंडच लावत नाहीत. पाणी कमी गेलं आणि नुसता कोरडा कडबा पोटात गेला तर पोटशूळ उठतो, म्हणून कोमट पाणी ठेवतो. पण दोन्ही वेळा कोमट द्यावं का?

सध्या कुट्टी केलेला कडबा, थोडा लसूणघास आणि भिजवलेले हरभरे देतो. वाढत्या हाडांना एवढं पुरेल का? हरभरा किती वाढवावा? जास्त झाला तर पोट फुगायची धास्ती वाटते. शेजारी म्हणतात उसाचं वाढं घाला, फुकट मिळतं. पण त्यातल्या ऑक्झलेट नावाच्या घटकामुळं घोड्याला कॅल्शियम कमी पडतं, म्हणून मन धजत नाही. गाई-म्हशींचं तयार खाद्यही लांबच ठेवलंय, त्यात मोनेन्सिन (गुरांच्या खाद्यात मिसळतात ते एक औषध) असेल तर घोड्याला ते विषच.

आडोसा आहे, खाली पाचट अंथरतो. रात्री गोणपाटाची झूल घालावी, की अंगावरची लव पुरेशी असते? मेंढरांमागं घोडी वागवणाऱ्या धनगर बांधवांनी जरूर सांगावं, तुमची शिंगरं तर उघड्या माळावरच थंडी काढतात. जंताचं औषध कोणत्या महिन्यात देता, तेही कळवा.