मदत हवी आहे: डिस्टॉर्शनमुळे किक बेसमध्ये बुडतो

बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेश या मेटल बँडचा १९९४ मधला ‘सेल्फलेस’ हा अल्बम अमेरिकेत कोलंबियासारख्या बड्या कंपनीमार्फत आला, त्यात जी. सी. ग्रीन यांचा घरघरणारा बेस (बेस गिटार) आणि ड्रम मशीनचा ठोका एकमेकांना झाकत नाहीत, आणि माझ्या मते तीच त्याची खरी ताकद आहे. घरी ध्वनिमुद्रण करताना मात्र बेसचे डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणे) वाढवले की किक, म्हणजे ड्रमचा जड, खालच्या सुरातला ठोका, बेसमध्ये बुडतो. बेसचे ६० ते ८० हर्ट्झ ईक्यूने (ठरावीक वारंवारता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कमी केल्यास वजन जाते, तर साइडचेन कॉम्प्रेशनने (किक वाजताच बेस आपोआप दबवण्याने) आवाज हिंदकळतो, जे या संथ, यंत्रवत संगीताला अजिबात शोभत नाही. अ‍ॅम्प्लिफायर नाही; सगळे काम इंटरफेस (वाद्य संगणकाला जोडणारे उपकरण) आणि संगणकावरच होते. अशा वेळी स्वच्छ आणि डिस्टॉर्टेड बेस वेगळ्या ट्रॅकवर ठेवावा का, आणि ठेवल्यास विभागणी साधारण किती हर्ट्झवर करावी?